आधी टिकवण्याचं बघू

‘माझं वय ४३, उंची १६० सेंटिमीटर, वजन ८४ किलो. काम दिवसभर बसून. दोन वर्षांपूर्वी एक पॅकेज घेऊन तीन महिन्यांत ११ किलो उतरवले होते. सकाळी पावडर, दुपारी फळं, रात्री सूप. भेटेल तो विचारायचा, काय केलंस म्हणून. वर्षभरात अकराचे अकरा परत आले, वर तीन किलो जास्तीचे. आता रिपोर्टमध्ये साखर काठावर आली आहे आणि जिना उतरताना गुडघा दुखतो. एका अ‍ॅपवर तीस दिवसांत दहा किलो कमी करण्याचं चॅलेंज आहे. घेऊ का? खरं सांगा, माझ्यात चिकाटीच कमी आहे का?’
(नाव न छापण्याची विनंती)

ताई,

चॅलेंज घेऊ नका. आणि चिकाटीचं म्हणाल, तर तीन महिने पावडर आणि सुपावर काढलेल्या बाईत चिकाटी कमी आहे असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आधी त्या दहा किलोंचा हिशेब करून टाकू, म्हणजे पुन्हा तशी जाहिरात दिसली की तुमचा तुम्हालाच करता येईल. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलो म्हणजे ७७,०००. तीस दिवसांनी भागा, रोज अडीच हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम बघता तुमचं शरीर दिवसाला खर्चच करतं अंदाजे १,९०० ते २,०००. म्हणजे महिनाभर तोंडात घास घातला नाही, तरी दहा किलो चरबी जात नाही.

मग जाहिरातीतल्या लोकांचा काटा खाली कसा येतो? थोडी चरबी, बरंचसं पाणी आणि काही स्नायू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत अर्ध्या किलोच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं, पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. चार दिवस नीट जेवलं की ते परत येतात. शिवाय फार वेगाने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. (गेल्या वेळी गळले होते का? पत्रात उल्लेख नाही, पण मला शंका आहे.)

आता मुख्य प्रश्न, वजन परत का आलं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण, स्वतःहून आलेले, आणि युद्धात शस्त्र धरायला तत्त्वासाठी नकार दिलेले. निश्चयाला पक्की माणसं, हे वेगळं सांगायला नको. त्यांना सहा महिने दिवसाला साधारण १,६०० कॅलरींचं खाणं दिलं. वजन सुमारे पावपट घटलं. पण डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले कित्येक जण पोट भरलं तरी खातच राहिले. तुमच्या पावडर-सुपाची बेरीज त्या १,६०० च्या बरीच खाली असणार.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यामागची यंत्रणा तपासली. ५० लठ्ठ लोकांनी दहा आठवडे अतिशय कमी खाऊन सरासरी साडेतेरा किलो घटवले. तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन वाढलं. इथवर नवल नाही. पण वर्षानंतर पुन्हा रक्त तपासलं तेव्हाही ही संप्रेरकं पहिल्या जागी आलेली नव्हती आणि भूकही आधीपेक्षा जास्तच होती. २०११ सालचा हा अभ्यास. २०१६ मध्ये आणखी एक आला, टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेत उतरलेल्या १४ जणांचा. स्पर्धेला सहा वर्षं होऊन गेली होती, बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं, आणि तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. तिथला आहार आणि व्यायाम दोन्ही टोकाचे होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावून घाबरू नका. पण दिशा तीच असते. पगारकपात झालेल्या घरासारखं शरीर काटकसरीला लागतं आणि कपात संपली तरी ती सवय लवकर सोडत नाही.

म्हणजे तुमच्या बाबतीत घडलं ते असं. तीन महिने तुम्ही भुकेशी लढलात. मग पॅकेज संपलं, आणि भूक मात्र वर्षभर चढलेलीच राहिली. त्या वर्षासाठी तुमच्या हातात काहीच नव्हतं. पावडर कधी थांबवायची हे त्या पॅकेजवाल्यांनी सांगितलं असेल, चौथ्या महिन्यात काय जेवायचं हे सांगितलं नसेल. माझा त्यांच्यावरचा खरा राग तिथे आहे.

उतरवणं हे काही महिन्यांचं काम आहे, टिकवणं हे पुढच्या सगळ्या वर्षांचं. आपण नेहमी पहिल्याची योजना आखतो आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चालतो. या खेपेला उलट्या टोकाकडून सुरुवात करा. कोणताही नियम स्वतःला लावण्याआधी एकच विचारा: पुढच्या वर्षी, ऑफिसात कामाचा डोंगर असताना, घरात कुणी आजारी असताना, मी हे करत असेन का? उत्तर नाही असेल, तर आजही सुरू करू नका. मग तो नियम कितीही शास्त्रशुद्ध असो.

या चाळणीतून बऱ्याच गोष्टी गळतील. गळू द्या.

लक्ष्य किती ठेवायचं? तुमच्या मनात साठचा आकडा असणार. तो सध्या बाजूला ठेवा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यांच्यातल्या एका गटाला दिलेलं लक्ष्य होतं वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे सहा किलो. ८४ वरून ७८. आरशात फार फरक दिसणार नाही, भेटेल तो विचारणारही नाही. पण तुमच्या रिपोर्टमधल्या साखरेला एवढ्याने खूप फरक पडू शकतो. गुडघ्याचंही ऐका. गुडघ्याचा संधिवात असलेल्या वजनदार लोकांमध्ये मोजलं गेलंय की एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सहा किलोंचा गुणाकार तुम्हीच करा.

या सहा किलोंना पाच-सहा महिने द्या. काही आठवडे अर्धा किलो जाईल, काही आठवडे काटा हलणारही नाही. आणि ७८ ला पोहोचलात की थांबा. खरोखर थांबा, निदान तीन महिने. पुढे जायचा मोह होईल, हात शिवशिवतील. पण तुम्ही आजवर कधीच न केलेलं काम तेच आहे, उतरलेलं वजन जागेवर ठेवणं. ते जमतंय असं दिसलं, तर मग पुढच्या चार-पाच किलोंचा विचार करू. नाही जमलं, तर ७८ वर राहणं हेही ८७ वर जाण्यापेक्षा किती तरी बरं.

खाण्याविषयी. ‘कोणता डाएट’ या प्रश्नावर घराघरांत भांडणं आहेत, आणि मला त्यात फारसा रस नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत विभागलं, एक कमी चरबीच्या आहारावर, दुसरा कमी कर्बोदकांच्या. दोन्ही गटांना भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमीत कमी, असंच सांगितलं होतं. वर्षाअखेर सरासरी घट एकीकडे ५.३ किलो, दुसरीकडे ६. यातला फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांत वीस-पंचवीस किलो उतरवलेले लोक होते आणि दोन्ही गटांत वजन वाढलेलेही होते. तेव्हा तुमच्या जिभेला, घराला आणि कामाच्या वेळांना जे मानवेल ते घ्या.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. पाकिटातलं, कारखान्यात बनलेलं तयार खाणं कमी करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे ताजं, साधं अन्न. वाढलेल्या जेवणात साखर, चरबी, तंतू, कॅलरी सगळं जुळवून घेतलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या अन्नावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढला, ताज्या अन्नावर तेवढाच घटला. कुणी कुणाला कमी खा म्हटलं नव्हतं.

बाकी मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं. प्रत्येक जेवणात प्रथिनांची एक ठळक गोष्ट ठेवली असती: कडधान्य, अंडी, दही, मासे, घरात चालत असेल ते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. (मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.) ताटाचा अर्धा भाग भाजीला दिला असता. साखरेची पेयं बंद केली असती, कारण प्यायलेल्या कॅलरींची पोट फारशी दखल घेत नाही. आणि दुपारचं जेवण कधीच चुकवलं नसतं. दिवसभर कडक राहून रात्री फ्रिजसमोर उभं राहणं, ही गोष्ट इतक्या पत्रांत येते की मी आता ती वाचण्याआधीच ओळखते.

पण हे सगळं सोमवारपासून एकदम नको. एक बदल घ्या, तो अंगवळणी पडू द्या, मग दुसरा. किती दिवस लागतात? २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लोकांच्या सवयींचा मागोवा घेतला तेव्हा मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसागणिक अंदाज होता १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासात आणखी एक दिलाशाची गोष्ट होती: मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही.

व्यायामाने वजन उतरतं ही समजूत थोडी खाली उतरवून ठेवायला हवी. तुमच्या वजनाच्या माणसाने पाच किलोमीटर चाललं तर ३०० कॅलरींच्या आसपास खर्च होतात. एक मोठं गोड पेय आणि दोन बिस्किटं, संपलं. मग चालायचंच कशाला? कारण चालण्याने साखर ताब्यात राहते, रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, आणि मुख्य म्हणजे टिकवण्याच्या वर्षांत तेच उपयोगी पडतं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तसेच ठेवले अशा लोकांची. या लोकांच्या पद्धती नाना तऱ्हांच्या, पण बहुतेक जण रोज तासाभराची हालचाल करतात आणि नियमित वजन करतात. नोंदवहीत नाव घालणारे मुळात यशस्वी झालेलेच असतात, त्यामुळे हा पक्का पुरावा धरता येत नाही. तरी दुर्लक्ष करण्यासारखीही ती गोष्ट नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. तुम्ही आज शून्यावर असाल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा, सपाट जागी, चालता चालता बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही. अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत मृत्यूचा धोका साडेसात हजार पावलांपर्यंत घटत गेला, त्यापुढे फारसा नाही. आणि सुमारे २,७०० वरून ४,४०० वर जाण्यातच मोठा फायदा होता.

स्नायूंचे व्यायाम बायका सोडून देतात, आणि चाळिशीनंतर तेच सर्वांत जास्त हवे असतात. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याची भरलेली बाटली उचलणं. गुडघा दुखत असेल तर खुर्ची आणखी उंच घ्या. दुखणं वाढलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोहणं किंवा स्थिर सायकल हे पर्याय आहेतच. पोटाचा पट्टा मात्र विकत घेऊ नका. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून झाले आहेत. वर्षानुवर्षं रॅकेट चालवणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. व्यायाम जिथला, चरबी तिथली, असं शरीर चालत नाही.

झोप. कमी कॅलरींच्या एकाच आहारावर असलेल्या लोकांना साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपू दिलं, तर वजन तेवढंच उतरलं, पण त्यात चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला आणि स्नायूंचा वाढला. छोटाच अभ्यास होता, दहा जणांचा. तरी रात्री बारापर्यंत त्या अ‍ॅपवर असाल, तर तो वेळ झोपेला द्या.

मोजायचं कसं? आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी वजन करा आणि फक्त सरासरी लिहा. मीठ, पाळी, पोट साफ होणं न होणं, एवढ्यावर काटा एक-दोन किलो इकडे-तिकडे जातो, त्यावर स्वतःला बरं-वाईट ठरवू नका. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे तुमची ८० सेंटिमीटरच्या आत. पोटाच्या आतली चरबी साखरेला जास्त त्रास देते, म्हणून हा आकडा मला काट्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

डॉक्टरांकडे जा ते साखरेसाठी. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), थायरॉइड, रक्तदाब, आणि चालू औषधांची यादी दाखवा. स्टिरॉइड आणि मनाच्या आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नसतात, पण पर्याय विचारता येतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३ च्या जवळ आहे, त्यामुळे ते वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचा विषय काढतील. त्यात हार मानल्यासारखं काही नाही. त्यांतल्याच सेमाग्लूटाइड या औषधाच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तिथेही प्रश्न टिकवण्याचाच, आणि तो औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यायचा.

पत्राच्या तळाशी तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय, ‘लेकही हल्ली माझ्याबरोबर रात्रीचं जेवण सोडते, तेवढीच सोबत.’ ती पंधरा वर्षांची आहे. हे वाक्य मी बाकीच्या पत्रापेक्षा जास्त वेळा वाचलं. या वयात हाडं भरत असतात, उंची वाढत असते, आणि उपाशी राहून वजन उतरवण्याच्या प्रयत्नांतून खाण्याचे आजार सुरू होण्याचा धोका याच वयात मोठा असतो. तिला उपदेश करू नका, तिच्या अंगाबद्दल बोलू नका, तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. आज रात्री दोघी जेवायला बसा, एकसारखं ताट घेऊन. आणि थोडं लक्ष ठेवा: पाळी चुकतेय का, चक्कर येते का, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते का, खाणं लपवते का, वजन झपाट्याने उतरलंय का. यातलं एक जरी दिसलं तरी तिला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. तुमची रक्ततपासणी त्यानंतर झाली तरी चालेल.